झोआ प्रवाळावर केसाळ शेवाळ, उपाय सुचवा (बजेट ३ हजार)

खारं_पाणी (ठाणे): १५० लिटरचा खाऱ्या पाण्याच्या माशांचा टँक, वर्ष होऊन गेलं. क्लाउन माशांची जोडी, आणि झोआ, मश्रूम, एक लेदर ही मऊ प्रवाळं (कोरल). हल्ली झोआच्या बुडाशी हिरवं केसाळ शेवाळ माजलंय. ब्रशने काढलं की आठवड्यात परत हजर. झोआ आता धड उघडतही नाहीत. पाणी घरच्या आरओचं. बजेट ३ हजार, वर घरातून परवानगी नाही. काय घेऊ?

नेरुळचा_निमो: स्कीमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आहे का? नसेल तर आधी तो घे. माझा बाहेरून मागवलेला, २२ हजाराला पडला, पण कपात जो काळा रस्सा साठतो तो बघून पैसे वसूल. शिवाय पाणी थंड ठेवणारा चिलर हवाच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चिलरशिवाय रीफ (कोरलचा टँक) ठेवूच नये.

खारं_पाणी: बजेट ३ हजार आहे हो.

नेरुळचा_निमो: मग थांब, पैसे साठव.

मत्स्यावतार: लाइट किती तास? मी ११ वरून ७ वर आणला, शेवाळ गेलं. बाकी काही केलं नाही.

बाणेरची_रीफ: घरच्या आरओचं पाणी, इथेच घोडं पेंड खातंय. पिण्याच्या आरओत चवीसाठी टीडीएस (विरघळलेले क्षार) मुद्दाम थोडा ठेवतात, मेम्ब्रेन जुनी झाली की तो आणखी चढतो. रीफला शून्य हवा. टीडीएस मीटर स्वस्त मिळतो, आधी मोजा. मग आरओपुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचा डबा जोडा, बजेटात बसेल. फ्रोझन आर्टेमिया वितळल्यावर त्याचं पाणी टँकमध्ये ओतत असाल तर बंद करा, गाळून फक्त खाणं टाका. शेवाळ पोसणारं फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम, नायट्रेट ५-१०, एवढं पुरे. आणि फोटो टाका. दोरे साधे असतील तर केसाळ. पिसासारखे दुतर्फा फुटलेले असतील तर ब्रायोप्सिस, त्याचा इलाज वेगळा.

कोथरूड_कोरल: फॉस्फेट शून्यावर आणा, जीएफओ (फॉस्फेट शोषणारे दाणे) भरपूर टाका. मी तेच करतो.

बाणेरची_रीफ: शून्य नको! डायनोंना (तपकिरी चिकट थर करणारे सूक्ष्मजीव) रान मोकळं मिळतं.

कोथरूड_कोरल: मला नाही आले.

डोंबिवली_फास्ट: मला आले. दुकानदाराने 'गॅरंटी' म्हणत जीएफओ गळ्यात मारलं. हिरवं गेलं, आणि त्याच्या जागी बुडबुड्यांसकट तपकिरी शेंबूड. टर्बो गोगलगायी त्यात मेल्या. दुकानदार आता फोन उचलत नाही.

काठावरचे_काका: कोरल पाळणं बेकायदा आहे ना?

मत्स्यावतार: काका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल, सी फॅन आहेत. यांच्याकडे त्यातलं एकही नाही.

काठावरचे_काका: मालवणहून दगड आणणारे बघितलेत मी.

मत्स्यावतार: ते चूकच. पण इथे विषय शेवाळाचा आहे. लाइट कमी केला का?

दुबईकर: ब्रायोप्सिस निघालं तर फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचं औषध). लिटरला साधारण ५ मिग्रॅ, म्हणजे १५० मिग्रॅच्या ५ कॅप्सूल. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, दोन-तीन आठवडे पाणी बदलू नका. साध्या केसाळावर भरवसा नाही, सायनोवर (चिकट थर करणारे जिवाणू) तर उपयोगच नाही.

नेरुळचा_निमो: एवढं कशाला? यलो टँग मासा सोड, चरून साफ करेल. माझा करतो.

बाणेरची_रीफ: १५० लिटरमध्ये टँग? तुमचा टँक किती फुटी?

नेरुळचा_निमो: ६ फुटी. सम्प (फिल्टरची टाकी) वेगळा.

डोंबिवली_फास्ट: झोआचा दगड सुटा असेल तर बाहेर काढ. बादलीत ९ भाग टँकचं पाणी, १ भाग मेडिकलमधलं ३ टक्के पेरॉक्साइड. पाचेक मिनिटं बुडव, वेगळ्या खाऱ्या पाण्यात विसळ, परत ठेव. शेवाळ पांढरं पडून गळतं. पण मूळ कारण पाण्यात असेल तर परत येणारच, ते बाणेरवाल्या ताई म्हणतात तेच.

खारं_पाणी: फोटो टाकलाय, साधंच केसाळ दिसतंय. टीडीएस ४६ आला. रेझिन आणायला कुर्ल्याला गेलो होतो. तिथे एक लॉनमोअर ब्लेनी (शेवाळ खाणारा मासा) काचेला तोंड लावून चरत बसला होता. पोराने हट्टच धरला. ब्लेनी आणला, सोबत टर्बो गोगलगायी. बजेट संपलं. रेझिन दिवाळीनंतर.

बाणेरची_रीफ: अहो, तो खाऊन जे टाकेल ते त्याच पाण्यात ना? आणि शेवाळ संपलं की त्याला खायला काय घालणार?

खारं_पाणी: दुकानदार म्हणाला नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) खातो.

कोथरूड_कोरल: कितीला दिला? मला पण हवाय.

नेरुळचा_निमो: चिलरचं काय ठरलं?