दाढ काढून चौथा दिवस, ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढलाय

डेअरीवाला_फलटण
मंडळी, जरा लांबट लिहितोय. रात्रीचे दीड वाजलेत, झोप येत नाही, त्यामुळे वेळच वेळ आहे.

सोमवारी उजवीकडची खालची अक्कलदाढ काढली. आडवी होती, पुढच्या दाढेच्या बुडात डोकं खुपसून बसलेली. वर्षभर हिरडी सुजायची, गोळ्या घेतल्या की बसायची. शेवटी तोंडात दोन बोटं जाईनात, तेव्हा दाखवलं. दोन्ही जबडे एका पट्टीत दिसतात तो मोठा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, थोडं हाड घासून दाढेचे दोन तुकडे करावे लागतील.

काढताना दुखलं म्हणाल तर अजिबात नाही. इंजेक्शननंतर ओठ भाकरीएवढा जाड झाल्यासारखा वाटला, आरशात बघतो तर आहे तेवढाच. पण आवाज! वाळलेला ऊस मोडावा तसा कडकन आवाज कानाच्या आतून आला. पाऊण तासात खेळ खलास, तीन टाके.

माझं दूध संकलन केंद्र आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला हजर. गाल फुगलेला, फॅट ओरडून सांगायची सोय नाही, म्हणून पोराला पाटीवर लिहायला बसवलं. दोन दिवस बरे गेले. काल संध्याकाळपासून मात्र त्या खड्ड्यातून कान आणि कानशिलापर्यंत ठणका चाललाय. गोळीने जेमतेम दोन तास निघतात. तोंडाला घाण चव आहे. बायको म्हणाली वास येतोय, आणि ती असलं सहसा तोंडावर बोलत नाही. ताप नाही, सूज उलट उतरलीय. मोबाईलच्या उजेडात बघितलं तर खड्डा रिकामा, तळाशी पांढरट काहीतरी दिसतंय.

पू झालाय का? पुन्हा जाऊ, की टाके काढायच्या दिवसापर्यंत थांबू? केंद्रावर एक म्हातारबा सांगत होते, खालची दाढ काढली की कान जातो नि वरची काढली की डोळा. हसलो तेव्हा, आता हसू येत नाही.

तंबाखू, विडी काही नाही. थंड घ्यायला सांगितलंय म्हणून रोज दोन शहाळी चालू आहेत.

माणदेशी_माऊली
भाऊ, लवंगेच्या तेलाचा बोळा दाबून धरा बरं त्या खड्ड्यात. माझ्या सासूबाई आयुष्यभर तेच करत आल्या. आणि पहाटेचं गार वारं लागू देऊ नका, कानाला मफलर बांधा. दोन दिवस केंद्र दुसऱ्या कुणी सांभाळलं तर दूध काही नासत नाही.

खुर्चीमागचा_डॉक्टर
मी दंतवैद्य आहे. एकच प्रश्न: शहाळं कशाने पिता?

डेअरीवाला_फलटण
स्ट्रॉने. दुसरं कशाने पिणार?

खुर्चीमागचा_डॉक्टर
वाटलंच. बघितल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही, पण तुम्ही लिहिलंय ते ड्राय सॉकेटसारखं वाटतंय. दाढ निघाली की खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, तेच खालच्या हाडाचं पांघरूण. ती निसटली किंवा विरघळली की हाड उघडं पडतं. ते पांढरट बहुधा तेच असावं. दुखणं दोन-तीन दिवसांनी उसळतं, सूज मात्र उतरलेली असते. पू असता तर सहसा चित्र वेगळं दिसतं.

शहाळ्यावर सगळं खापर फोडणार नाही. खालची अक्कलदाढ, तीही हाड कापून काढलेली, म्हणजे धोका मुळातच जास्त. पण ओढून पिताना तोंडात जी ओढ बसते, तिने गुठळी हलू नये म्हणून आम्ही स्ट्रॉ नको म्हणतो. जोरात थुंकणं आणि खळखळून चुळा भरणं नको, तेही त्याचसाठी.

माऊली, राग मानू नका, पण तेल थेट खड्ड्यात ओतलं तर हिरडी भाजते. गंमत अशी की आम्ही भरतो त्या औषधी पट्टीत बहुतेक वेळा लवंगेतलाच अर्क असतो, फक्त मोजून.

कानाला काहीही झालेलं नाही. खालचा जबडा आणि कानापुढचा भाग एकाच मोठ्या नसेच्या फांद्यांवर आहेत, म्हणून दुखतो खड्डा आणि ठणकतो कान. सकाळीच जा. मनाने अँटिबायोटिक सुरू करू नका. आणि ताप चढला, गिळता येईना किंवा सूज गळ्याकडे उतरली, तर सकाळचीही वाट बघू नका.

कोरेगावचा_बंड्या
विषय निघालाच आहे तर, आमच्या अण्णांना रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. दाढ काढायच्या आधी किती दिवस बंद करायची?

खुर्चीमागचा_डॉक्टर
तुम्ही नाहीच करायची. ज्यांनी सुरू केली ते हृदयाचे डॉक्टर आणि तुमचा दंतवैद्य ठरवतील. बऱ्याचदा ती चालू ठेवूनच दाढ काढतात. मनाने बंद करून येणारे पेशंट मला जास्त घाबरवतात.

डेअरीवाला_फलटण
सकाळचं दूध टँकरमध्ये चढवलं आणि थेट दवाखाना गाठला. डॉक्टर साहेब, तुमचं बरोबर निघालं. खड्डा सलाईनने धुतला, तेव्हा मात्र खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरले होते. मग लवंगेच्या वासाची पिवळसर पट्टी चिमट्याने दाबत दाबत भरली. वासाने डोळ्यांत पाणी आलं, पण खुर्चीवरून उठून चपला घालेपर्यंत कानातला ठणका निम्म्यावर. घरी येऊन चार तास मेल्यासारखा झोपलो. पट्टी परवा बदलायची आहे.

सोमवारी सूचनांचा कागद दिलाच होता त्यांनी. घरी शोधला, तर शर्टाच्या खिशात धुतला जाऊन त्याचा लगदा झालेला. आज नवा मागून घेतला. चौथ्या ओळीत चक्क मराठीत लिहिलंय, स्ट्रॉ वापरू नये.

म्हटलं आता वाटीत ओतून पिऊ. तर उरलेली पाच शहाळी बायकोने शेजारी देऊनही टाकली होती.