फोटोत आलं ते दिसलं नव्हतं

नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून आणलेला माझा एक फोटो आमच्या घरच्या ग्रुपवर तुफान चालला. आभाळभर नॉर्दर्न लाइट्सचा, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाचा पोपटी पडदा, खाली बर्फ, मध्ये ठिपक्याएवढी बायको. मावशीने तर डीपीच करून टाकला. आता कबुली देतो: तो पडदा आम्हाला दिसलाच नव्हता. दिसला होता तो राखाडी, धुरकट पट्टा. काळोखात आपल्या डोळ्यांना रंग फारसे कळत नाहीत. फोन मात्र तीन सेकंद टक लावून उजेड गोळा करत बसतो. बायको म्हणाली, "एवढे पैसे खर्चून ढग बघायला आणलंस?" पुढे एकच्या सुमारास तोच पट्टा खरोखर हिरवा झाला, वाऱ्यावर वाळत घातलेल्या साडीसारखा हलायला लागला, आणि थंडीने फोन बंद पडलेला. जेमतेम पाच मिनिटं. त्याचा पुरावा शून्य.

तुमच्याकडेही असे असतील. फोटोने फुगवून सांगितलेले, झाकून ठेवलेले, हुकलेले. डोंगर, देऊळ, जत्रा, जगात कुठलंही. लिहा. फोटो डकवायचे नाहीत, एवढीच अट.

घाटवेडा:
हरिश्चंद्रगड, सप्टेंबर, पाचनईच्या वाटेने. सकाळी कोकणकड्यावर पोचलो तर पाठीवर कोवळं ऊन आणि समोर दरी धुक्याने काठोकाठ. बघता बघता खाली धुक्यात सप्तरंगी वर्तुळ उमटलं, पूर्ण गोल, आत माझी सावली. इंद्रवज्र! इंग्रज अधिकारी कर्नल साइक्सने १८३५ सालीच त्याबद्दल लिहून ठेवलंय, आम्ही वाचूनच गेलो होतो, तरी अंगावर काटा आला. मी ओरडलो, "अरे, माझ्या डोक्याभोवती आलंय!" शेजारचा म्हणाला, "तुझ्या कुठे, माझ्या!" शब्दाला शब्द वाढला. शेवटी दोघांनी फोटो काढून फोन शेजारी शेजारी धरले. माझ्या फोटोत मधोमध मी आणि तो कडेला. त्याच्या फोटोत नेमकं उलटं. उजेड धुक्याच्या थेंबांवरून जवळपास आल्या वाटेने मागे फिरतो, म्हणून ज्याचं वर्तुळ त्यालाच. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला तर मधोमध माझं डोकंसुद्धा नव्हतं. लांब केलेला हात होता, फोन धरलेला. म्हणजे वर्तुळ मिळालं ते फोनला!

बुलढाणेकर:
आमचं दुखणं वेगळं. २०२०च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा जसं दिसलं तसाच फोटो पाठवला. सगळ्यांचं एकच: "फिल्टर कुठला?" खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांनी रंग आणला होता हे नंतर पेपरात छापून आल्यावर मंडळी गप्प. सॉरी कुणी म्हटलं नाही ते नाहीच.

चकलीचा सोऱ्या:
बार्सिलोनाचं सग्रादा फामिलिया चर्च. सकाळचं तिकीट हवं होतं, कारण नेटवरच्या सगळ्या फोटोंत आत निळा-हिरवा उजेड. मिळालं दुपारी चारचं. चिडचिड करत आत गेलो तर झाडांसारखे फाकलेले खांब कमरेपर्यंत केशरी! पूर्वेच्या काचा निळ्या-हिरव्या, पश्चिमेच्या लाल-नारिंगी, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांच्या टकलावरून लाल, मग पिवळा, मग पुन्हा लाल पट्टा सरकत होता. फोटो तेवढाच चांगला आलाय, ह्यांनी लावू दिला नाही.

मधली आळी:
वेरूळचं कैलास. आधी चार वेळा गेलो होतो, तेव्हाचे चाळीसेक फोटो असतील, एकातही ते देऊळ मावलेलं नाही. अंगणात उभं राहिलं की मान मोडते. फोटो बघणाऱ्याला वाटतं, छान बांधलंय. बांधलेलं नाहीच ना! डोंगराच्या माथ्यावरून सुरुवात करून खाली खाली कोरत आणलंय, एका दगडात, आठव्या शतकात. पाचव्या वेळी बाजूच्या टेकाडावर चढलो आणि वरून पाहिलं. मंडपाच्या छतावरचे सिंह माझ्या पायांच्या खालच्या पातळीला, अंगणात शाळेच्या सहलीची पांढरी-निळी रांग मुंग्यांसारखी. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. वरून काढलेल्या फोटोत ती रांग आहे म्हणूनच त्याला अर्थ आहे. फोटोत माणसं नकोत म्हणून थांबून राहणाऱ्यांनी इथे तरी थांबू नये.

मेलबर्नची सून:
आमचा फोटो काढल्यावर पुसलेला. ऑस्ट्रेलियातल्या उलुरू ह्या भल्यामोठ्या खडकाला पायथ्याने पूर्ण फेरी मारली, दहाएक किलोमीटर. वाटेत काही ठिकाणी पाट्या आहेत: इथे फोटो काढू नका. तिथले मूळ रहिवासी अनांगू. त्या खडकावरच्या खुणा त्यांच्यासाठी पोथीसारख्या, त्या तिथेच येऊन पाहायच्या, दुसरीकडे नेऊन नाही. माझा लेक म्हणाला, "आई, आजीच्या गावच्या देवळातही गाभाऱ्यात काढू देत नाहीत ना, तसंच." मला पाटी दिसायच्या आत एक निघाला होता. गाडीत बसल्यावर पुसला. हळहळ वाटली, खोटं कशाला बोलू. खडकाच्या खाचेत पाण्याचा काळा ओघळ होता, एवढं आठवतं. बाकी सांगत नाही.

सोमवतीचा:
जेजुरी. सोमवती अमावस्येला पालखी कऱ्हेवर अंघोळीला निघते, तेव्हा पायऱ्यांवर उभा होतो. कॅमेऱ्याला दुधाच्या पिशव्या गुंडाळून रबरबँड लावलेले, गळ्यात रुमाल, सगळा जामानिमा. येळकोट येळकोट झालं आणि वरून भंडारा असा आला की समोरच्याची पाठ दिसेना. कॅमेऱ्याचा फोकस कशावर धरावा ते त्याला कळेना, नुसता घर्र घर्र पुढे-मागे. त्यात ऑटो व्हाइट बॅलन्स चालू राहिलेला! एवढा पिवळा रंग म्हणजे काहीतरी बिघाड, असं समजून त्याने तो पिवळेपणा आपल्या मनाने मारून टाकला. घरी पाहिलं तर सोन्याची जेजुरी सिमेंटच्या रंगाची.

पिशव्यांचा उपयोग झाला नाही. मेकॅनिकने लेन्स उघडून कागदावर झटकली तर चिमूटभर हळद निघाली. ती आईने पुडीत बांधून देवापुढे ठेवलीय. झूम फिरवला की अजून कचकच वाजतं.

घाटवेडा:
रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने रंगात ढवळाढवळ न करता साठवलेले, काढले होतेस का? असतील तर पिवळा परत येईल.

सोमवतीचा:
नाही, जेपेग, रंग मारूनच साठवलेले. घाव घालू नकोस.