शब्दचर्चा: शीळकरी कस्तूर की निळा कस्तूर?

प्रश्न: आंबोलीच्या माहितीफलकासाठी मजकूर तपासतोय. एकाच पक्ष्याला कुठे ‘निळा कस्तूर’, कुठे ‘शीळकरी कस्तूर’ म्हटलंय. कोणतं ठेवू? आणि ‘कस्तूरचं घरटं’ की ‘कस्तुराचं’?

– ‘शीळकरी कस्तूर’ ठेवा. ‘निळा’ म्हटलं की हिवाळ्यात येणारा शैलकस्तूरही त्यात येतो. त्याचा नर अंगभर मळकट निळा, आणि गडाच्या तटावर, उघड्या कातळावर बसणारा. शीळकरी इथलाच, बारमाही, साधारण साळुंकीएवढा, २५ सेंमी. ओढ्याच्या सावलीत तो चक्क काळा दिसतो. उन्हाची तिरीप पडली तरच कपाळ आणि खांदा निळे चमकतात. रंगावरून नाव दिलं तर नवखा माणूस समोरचा पक्षी ओळखणारच नाही. हिमालयातही एक शीळकरी आहे, आकाराने मोठा, पिवळ्या चोचीचा. आपल्याची चोच काळी, म्हणून फलकावर एकदा तरी ‘मलबारी शीळकरी कस्तूर’ असं पूर्ण नाव द्या.

– ‘कस्तुराचं’ बरोबर. फूल-फुलाचं तसं कस्तूर-कस्तुराचं. शब्द पुल्लिंगी, अनेकवचन तेच: एक कस्तूर, चार कस्तूर. ‘कस्तुरी’ स्त्रीलिंगी आणि वेगळी. ‘कस्तुरी पक्षी’ लिहू नका. ‘शीळ’चंही सामान्यरूप ऱ्हस्व, ‘शिळेने’. इथे एक गंमत आहे, ‘शिळा’ म्हणजे दगड याचंही तेच रूप होतं. ‘शिळेवरून ओळखला’ या वाक्यात आवाज की दगड हे कळत नाही, त्यात हा पक्षी नेमका दगडावर बसून शीळ घालतो. तिथे सरळ ‘आवाजावरून’ लिहा.

– मजकुरात ‘शिट्टी वाजवतो’ असेल तर बदला. शिट्टी कुकरची, कंडक्टरची. शीळ ओठांची, आणि ती घालतात. या पक्ष्याचं गाणं खरोखर तसंच आहे: पहाटे, उजाडायच्या आधी, कुणी माणूस वाटेने स्वतःशीच शीळ घालत चाललाय, सूर वर जातो, खाली येतो, चाल काही ठरत नाही. पावसाळ्यात ते सर्वांत जास्त ऐकू येतं. मात्र बिचकून उडताना तो एकच तीक्ष्ण ‘क्रीऽ’ काढतो, ती शीळ नव्हे. तिला ‘हाक’ म्हणा. ‘कूजन’ लिहिलं की दोन्हींतला फरक बुजतो.

– घरट्याबद्दल ‘काटक्यांचं’ लिहिलं असेल तर तेही चूक. बारीक मुळ्या, शेवाळ आणि चिखल यांची वाटी असते. ओढ्याकाठच्या कपारीत, कधी धबधब्याच्या पडद्यामागे, कधी घराच्या वळचणीलाही. अंडी बहुधा तीन. ‘गोगलगाय टोचून खातो’ हेही बदला. तो ती चोचीत धरून दगडावर आपटतो, कवच फुटलं की मऊ भाग खातो. क्रियापद ‘आपटणे’च हवं. खेकडे, बेडूक, गांडुळं, रानफळंही खातो. ‘नदीकिनारी’ऐवजी ‘ओढ्याकाठी’ लिहा. वाचणारा मग योग्य जागी थांबेल.