पिकअपचा थर्मोस्टॅट बदलायचा आहे, सांगितलेला खर्च बरोबर वाटतो का?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे चार सिलिंडरचा डिझेल पिकअप आहे, सुमारे दीड लाख किलोमीटर चाललेला. माल वाहतुकीचं रोजचं काम याच गाडीवर असल्याने ती उभी राहिली की कामही थांबतं.

तीन आठवड्यांपासून मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की तापमानाचा काटा खाली उतरतो. गर्दीत अडकलो की पुन्हा मध्यावर येतो. हीटरची हवा कोमट येते आणि डिझेलही आधीपेक्षा जास्त लागतंय. इंजिनचा दिवा लागला म्हणून स्कॅनर लावून घेतला, तर पी०१२८, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट पुरेसं तापत नसल्याचा कोड आला.

गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी-बंद करणारी झडप) उघडाच अडकल्याचं सांगितलं. तिथपर्यंत पटलं. पण हातात आलेल्या अंदाजपत्रकात थर्मोस्टॅट, त्याचं हाउसिंग (बाहेरचं कवच), वॉटर पंप, रेडिएटरची सफाई, नवीन कूलंट आणि मजुरी असं सगळं आहे. एकूण आकडा नुसत्या थर्मोस्टॅटच्या किमतीच्या बारापट! वॉटर पंपाखाली कधी थेंबही पडलेला नाही. 'एवढं उघडतोच आहोत तर करून घ्या' एवढंच कारण मिळालं.

यातलं खरंच गरजेचं काय आहे? थर्मोस्टॅट काढून तसंच चालवा, असं एका ओळखीच्या ड्रायव्हरने सुचवलंय. तेही चालेल का, कृपया सांगा.

प्रतिसाद १

काढून चालवू नका, हे आधी. इंजिन थंड राहिलं की डिझेल जास्त जळतं आणि ऑइलमध्ये साचणारी वाफ उडून जात नाही. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो. तो नसेल तर बरंचसं कूलंट रेडिएटरला न जाताच फिरत राहतं आणि चढावर गाडी उलट तापते.

आता खर्च. थर्मोस्टॅट म्हणजे मेण भरलेली कुपी आणि एक स्प्रिंग. मेण ठरावीक तापमानाला वितळून फुगतं आणि झडप उघडते. या कामात बहुतेक वेळा तोच सर्वांत स्वस्त नग असतो, पैसे जातात ते तिथवर पोचण्यात. काही इंजिनांत तो रेडिएटरच्या वरच्या होजच्या (रबरी नळीच्या) तोंडाशी दोन-तीन बोल्टखाली असतो, कूलंट काढणं-भरणं धरून तास-दीड तासाचं काम. काहींत इनटेक मॅनिफोल्डखाली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांखाली) दडलेला असतो, तिथे अर्धा दिवस जातो. काही मोठ्या डिझेल इंजिनांत तर दोन थर्मोस्टॅट असतात. म्हणून आधी विचारा, तुमच्या इंजिनात तो कुठे आहे आणि मजुरी किती तासांची लावली आहे.

हाउसिंग प्लॅस्टिकचं असेल तर इतक्या किलोमीटरनंतर बदलणं योग्य. गेलेला तडा डोळ्यांना दिसत नाही आणि बोल्ट आवळताना हाउसिंग फुटतं. अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर बसण्याची जागा घासून साफ करायची आणि गॅस्केट किंवा ओ-रिंग नवी घालायची, बस.

वॉटर पंप मात्र कारण असेल तरच. पंपाच्या खालच्या छोट्या भोकातून गळतंय का, बेअरिंगमध्ये हलकावा आहे का, आवाज येतो का? यातलं काही नसेल तर हात लावू नये. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल आणि बेल्टची मुदत आली असेल तर दोन्ही एकत्र करणं फायद्याचं, कारण मजुरी एकदाच लागते.

प्रतिसाद २

वरचं सगळं मान्य, पण नग आणण्याआधी खात्री करा. कूलंट कमी असलं किंवा तापमानाचा सेन्सर बिघडलेला असला तरीही पी०१२८ येतो.

रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू न करता स्कॅनर लावा. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. मोठा फरक दिसला तर सेन्सरवर संशय घ्या. मग गाडी सुरू करून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होजला हात लावून बघा, पंख्यापासून लांब राहून. थर्मोस्टॅट बरा असेल तर होज काही मिनिटं थंड राहतो आणि मग एकदम गरम होतो. पहिल्यापासूनच हळूहळू तापत गेला तर झडप उघडी आहे. ही खूण थर्मोस्टॅट वरच्या होजकडे असलेल्या इंजिनांसाठी. काहींत तो खालच्या होजकडे असतो.

रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नका, कूलंट दाबाखाली असतं आणि अंगावर उसळतं. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका. एथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोडंसंही त्यांच्या जिवावर बेततं.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सकाळी तपासलं. कूलंटची पातळी बरोबर, दोन्ही तापमानांत दोन अंशांचा फरक. वरचा होज दुसऱ्या मिनिटापासूनच कोमट. मोकळ्या रस्त्यावर कूलंट ६६ अंशांच्या वर जाईना, आणि माझ्या इंजिनाचा थर्मोस्टॅट ८२ अंशांचा आहे.

गॅरेजमध्ये प्रत्येक कामाची मजुरी वेगळी लिहून मागितली. थर्मोस्टॅटची दीड तास, पंपाची आणखी तीन तास. पंप बेल्टच्या दुसऱ्या बाजूला आहे, म्हणजे 'उघडतोच आहोत' हे कारणच लागू नव्हतं. पंप आणि रेडिएटरची सफाई दोन्ही वगळलं. हाउसिंग अ‍ॅल्युमिनियमचं निघालं, तेही वाचलं. थर्मोस्टॅट, ओ-रिंग, कूलंट आणि मजुरी मिळून बिल थर्मोस्टॅटच्या किमतीच्या चौपट झालं. जुना नग मागून घेतला, थंड असतानाही झडपेत बोटभर फट होती.

आता काटा स्थिर आहे, स्कॅनरवर ८४ ते ८८. हीटरही गरम. एकच शंका आहे: दोन दिवसांत कूलंटच्या टाकीतली पातळी बोटभर उतरली आहे. कुठे ओल दिसत नाही.

प्रतिसाद १

आत राहिलेली हवा बाहेर पडली असेल. इंजिन दोन-चार वेळा तापून निवलं की असं होतं. थंड असताना त्याच प्रकारच्या कूलंटने खुणेपर्यंत भरा, वेगळ्या प्रकारचं मिसळू नका. पुढच्या आठवड्यातही उतरत राहिली तर हाउसिंगच्या कडेला आणि होजच्या क्लिपांशी वाळलेल्या कूलंटचे डाग शोधा.

मूळ प्रश्नकर्ता

भरलं. आज सहावा दिवस, पातळी खुणेवरच आहे.