सभागृह रिकामं राहतं ते पोरांमुळे की निमंत्रणपत्रिकेमुळे?

तिसरी घंटा
"एवढं वैचारिक खाद्य फुकटात मिळतंय आणि पोरं कँटीनला रील्स बघत बसतात, आता हजेरी सक्तीची करा" अशी विद्यापीठातल्या कार्यक्रमांबद्दलची एक पोस्ट दोन दिवस सगळीकडे फिरते आहे. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, मग स्नेहसंमेलन, बहिःशालची (विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठीची) व्याख्यानं, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २८ला विज्ञान दिन, अशी भलीमोठी यादी देऊन शेवटी खापर पोरांच्या डोक्यावर.

त्या यादीतली एक तरी पत्रिका नीट वाचा. 'सायं. ६ वा.' म्हणजे नक्की काय? पाहुणे कुलगुरूंच्या दालनात चहा घेतात, तिथे वीस मिनिटं. दीपप्रज्वलनात वात पेटत नाही, कारण समईत तेल आयत्या वेळी ओतलेलं आणि वर पंखा चालू. पाच मिनिटं. विद्यापीठगीत. प्रास्ताविक बारा मिनिटं, त्यात विभागाचा इतिहास. परिचय आठ मिनिटं, म्हणजे वक्त्याचा बायोडेटा 'इयत्ता दहावीत प्रथम' पासून. मंचावर सात जण, प्रत्येकाला शाल, श्रीफळ, पुस्तक आणि फोटो, असे दोन-दोन मिनिटांचे सात सत्कार. मग ज्यांना बोलायची गरज नाही अशा दोघांची मनोगतं. ज्याला ऐकायला लोक आले तो माणूस सव्वासातला उभा राहतो आणि त्याच्या हातात "सर, जरा आवरतं" अशी चिठ्ठी येते, कारण अध्यक्षीय समारोप बाकी आहे आणि हॉस्टेलची मेस साडेआठला बंद होते.

पोरं मूर्ख नाहीत. ती सव्वासातला मागच्या दाराने येतात आणि तुम्ही म्हणता उशिरा येतात.

आणि २७-२८चं काय? मराठी विभाग, ग्रंथालय आणि राष्ट्रीय सेवा योजना तिघांनाही २७ तारखेची संध्याकाळच हवी. दुसऱ्या दिवशी पदार्थविज्ञान, रसायन, प्राणिशास्त्र. दोन दिवसांत सहा कार्यक्रम आणि ३ ते १० मार्च शुकशुकाट. ऐकणारा तोच असतो, त्याने किती ठिकाणी बसायचं?

जुनाखोड
झालं का बोलून? वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, तेव्हा तिथे एसी नव्हता आणि मेसची वेळ सांभाळून कोणी बोलत नव्हतं. श्रोत्याचंही काही कर्तव्य असतं की नाही?

सत्काराची टिंगल करणं सोपं आहे. कार्यक्रमाचा निधी विद्यार्थी विकास मंडळाकडून येतो, सभागृह दुसऱ्या विभागाचं, ध्वनियंत्रणा तिसऱ्याची, चहापान एखाद्या बँकेच्या शाखेकडून. यांतल्या एकाला मंचावर बोलावलं नाही तर पुढच्या वर्षी तुमची फाईल कुठल्या टेबलावर झोपते ते बघा. ती शाल म्हणजे पुढच्या वर्षीच्या सभागृहाचं भाडं आहे.

हजेरीचं म्हणाल तर नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाला क्रेडिट आहेतच. ते कार्यक्रमांना जोडा, सभागृह भरेल.

तिसरी घंटा
भरेल. शरीरांनी. मागच्या सहा रांगांत चार्जर लावून.

मिक्सरवाला
दोघांचंही चुकतंय. लोक उठून जातात कारण ऐकूच येत नाही. बाकी सगळं नंतर.

आपली बहुतेक सभागृहं म्हणजे गुळगुळीत प्लास्टरच्या भिंती, कोटा फरशी, वर पत्रा नाहीतर उघडा स्लॅब. भाषणाला आवाजाचा घुमारा साधारण एका सेकंदात विरायला हवा. या खोक्यांत तो दोन-तीन सेकंद रेंगाळतो, म्हणजे पुढचा शब्द येईपर्यंत मागचा हवेतच असतो. त्यावर ऑपरेटर काय करतो? आवाज वाढवतो. घुमाराही तेवढाच वाढतो. शिवाय बास चढवलेला असतो, कारण गणपतीचा सेट आहे, दणका पाहिजे. भाषण कळतं ते व्यंजनांवर, आणि ती दोन ते चार किलोहर्ट्झच्या आसपास असतात. १०० ते १२० हर्ट्झच्या खालचं सरळ कापून टाका. बटण साउंडच्या मिक्सरवर असतंच, कोणी दाबत नाही.

मंचाच्या दोन बाजूंना दोन राक्षस उभे करण्यापेक्षा चार-सहा लहान स्पीकर श्रोत्यांच्या जवळ आणि कमी आवाजात लावा. मागची जोडी पुढच्यापासून वीस मीटरवर असेल तर तिला ५८ मिलिसेकंद उशीर द्या, वर दहा-पंधरा आणखी, म्हणजे आवाज मंचावरूनच येतोय असं वाटतं. हा उशीर दिला नाही की मागच्या रांगेला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं.

आणि सगळ्यात उत्तम ध्वनिशोषक म्हणजे माणूस. ४०० खुर्च्यांत ६० माणसं विखुरली की सभागृह आणखी घुमतं, कळत नाही म्हणून २० उठतात, मग अजून घुमतं. मागच्या रांगांना दोरी बांधा आणि सगळ्यांना पुढे घ्या. खर्च शून्य.

पडद्यामागचा
मिक्सरवाले, सिद्धांत छान आहे. पण स्पीकरची शिट्टी ऑपरेटरमुळे वाजत नाही, वक्त्यांमुळे वाजते. पोडियमचा गूजनेक (वाकणाऱ्या मानेचा माईक) तोंडापासून एक वीत ठेवून बोलायचं असतं, हे हातभर मागे उभे राहतात. मग गेन, म्हणजे माईकचा आवाज, वाढवावा लागतो आणि शिट्टी येते. हातातला माईक चार बोटांवर धरायचा तर तो बेंबीपाशी. कवी मंडळी जाळीवर मूठ आवळतात. जाळी झाकली की माईकची दिशा संपते, चोहीकडून घेतो, मग किंचाळतो. आणि सुरुवातीला टकटक करून "हॅलो हॅलो, आवाज येतोय का?" येतोय हो!

मिक्सरवाला
मग सांगा ना त्यांना! कार्यक्रमाआधी दोन मिनिटं वक्त्याला माईकसमोर उभं करायला काय होतं? मंचावर सात जणांपुढे सात माईक, सातही चालू. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीआधीची मोकळीक तीन डेसिबलने घटते. बोलणाऱ्याचा एक चालू, बाकी बंद, एवढंच ऑपरेटरचं काम. तो बाहेर चहा पीत असतो.

पडद्यामागचा
बाहेर असतो कारण त्याला मिक्सर ठेवायला जागा विंगेत देतात. तिथून सभागृहातलं काय डोंबल ऐकू येणार? मिक्सर प्रेक्षकांत, मागून तिसऱ्या रांगेच्या आसपास हवा. पण तिथे केबल नेली की "पाहुण्यांच्या पायात येईल". ऑपरेटरला शिव्या घालण्याआधी केबल जमिनीला चिकटवायच्या गॅफर टेपचं एक बंडल मंजूर करून घ्या.

तिसरी घंटा
विषय पत्रिकेचा होता, केबलचा नाही.

मिक्सरवाला
विषय केबलचाच आहे. मॉनिटर, म्हणजे मंचावरच्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, कुठे ठेवतात ते बघा. साधा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माईक असेल तर मॉनिटर त्याच्या बरोबर पाठीमागे, कारण तिथे तो बहिरा असतो. सुपरकार्डिऑइड (त्याहून अरुंद पट्ट्यातलं ऐकणारा) असेल तर थोडा तिरपा, कारण त्याला पाठीमागचं थोडं ऐकू येतं. ख्याल गायनाच्या बैठकीत हे चुकलं की तानपुरा घोंगावायला लागतो आणि गायक दर दोन मिनिटांनी साउंडवाल्याकडे हातवारे करतो. कॉर्डलेसचे सेल कार्यक्रमाआधी नवे घाला, कालचे 'अजून आहेत थोडे' चालत नाहीत. लॅपटॉपचा आवाज घ्यायचा तर मध्ये डीआय बॉक्स (गुणगुण अडवणारी डबी) लावा, नाहीतर चार्जर जोडल्याबरोबर गूंऽऽ. ती ५० हर्ट्झची वीज आहे, वक्त्याचा दोष नाही.

एकांकिकावाली
वीज निघालीच आहे तर ऐका. संध्याकाळी व्याख्यान म्हणून मंच आम्हाला दुपारी चारपर्यंत, आणि त्याच मंचावर युवा महोत्सवाची तालीम करा म्हणतात. एकांकिकेला ३० मिनिटं मिळतात, नेपथ्य लावणं-काढणं वेगळं मोजतात. घड्याळ लावून लायटिंगसह पूर्ण तालीम झाली नाही तर स्पर्धेत काळोखात टेबल शोधत बसायचं.

दिव्यांचं तर विचारूच नका. एक हजार वॉटचे बारा पार कॅन (मंचावरचे दिवे) म्हणजे बारा किलोवॅट, २३० व्होल्टला ५२ अँपिअर. ते पंधरा अँपिअरच्या भिंतीतल्या सॉकेटवर लावणारे महाभाग आहेत. त्या सॉकेटवर तीन दिवे, चौथ्याला ट्रिप. एलईडी पार वापरा, बारा मिळून दोन-अडीच किलोवॅटच्या आत बसतात. आणि डिमर (दिवे मंद करणारं यंत्र) एका फेजवर, साउंड दुसऱ्या फेजवर. एकत्र केलं की दिवा मंद होताना स्पीकर गुणगुणतो. मग मिक्सरवाले आमच्यावर ओरडतात.

मिक्सरवाला
ओरडणारच. प्रोजेक्टर आणि लॅपटॉपही साउंडच्याच फेजवर घ्या, हे लिहायचं राहिलं तुमचं.

गणेशखिंडकर
तुम्ही सगळे आतले. बाहेरच्या माणसाचं कोणी बोलेल का? पत्रिकेवर 'सर्वांना आग्रहाचे निमंत्रण' आणि फाटकावर "ओळखपत्र दाखवा". वार नाही, संपायची वेळ नाही, कुठल्या फाटकाने यायचं ते नाही, वर फुलांची नक्षी. मजकूर श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये) करून चित्र म्हणून पाठवायचा, मग शोधून सापडणार कसा? युनिकोडमध्ये चार ओळी टाका: वार, वेळ, फाटक, गाडी कुठे लावायची.

आणि सहाची वेळ! पुण्यात गणेशखिंड रस्त्याने संध्याकाळी सहाला विद्यापीठ चौक पार करून दाखवा. २०२०मध्ये उड्डाणपूल पाडल्यापासून तिथलं नव्या पुलाचं काम वर्षानुवर्षं चाललं होतं. साडेपाचला ऑफिस सुटलेला माणूस सातच्या आत पोचत नाही.

नियमावर बोट
बाहेरच्यांना बोलावताना एक लक्षात ठेवा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ची सवलत ही संस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी केलेल्या प्रयोगाला आहे, आणि तीही प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित असतील तेव्हा. गावाला आमंत्रण दिलं की ती ढाल गळते, लेखकाची परवानगी आणि मानधन आलं. "कॉलेजचंच आहे हो" हे उत्तर चालत नाही.

उघड्या प्रांगणात कार्यक्रम असेल तर ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा बंदच. बंदिस्त सभागृहाला या वेळेतून सूट आहे, अँफीथिएटरला नाही. शैक्षणिक संस्थेभोवतीचे १०० मीटर म्हणजे शांतता क्षेत्र.

पडद्यामागचा
अर्धंच सांगितलंत. ऑगस्ट २०१७च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने अधिसूचित केल्याशिवाय क्षेत्र आपोआप शांतता क्षेत्र होत नाही. २००० सालचा नियम जसाच्या तसा फेकू नका.

नियमावर बोट
दुरुस्ती मान्य. पण दहाची मर्यादा त्याने हलत नाही, आणि बारापर्यंतची मुभा वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, तेही सरकार ठरवेल ते. तुमचं स्नेहसंमेलन त्यात बसवायला मुख्यमंत्र्यांना फोन करणार आहात का?

जुनाखोड
वा! दीड दिवसात व्याख्यानाचा विषय काय असावा यावर एक शब्द नाही. डेसिबल, अँपिअर, मिलिसेकंद. पोरं वाचत नाहीत म्हणून येत नाहीत, एवढं साधं आहे.

एकांकिकावाली
वाचत नाहीत तर पाठ कशी करतात तीस मिनिटांची संहिता? तुमच्या दारात येत नाहीत म्हणजे कुठेच जात नाहीत, असं नसतं काका.

तिसरी घंटा
जुनाखोड, शाल हवी असेल तर ठेवा. फक्त सत्कार व्याख्यानानंतर करा, परिचय पत्रिकेच्या मागे छापा, प्रास्ताविक दोन मिनिटं. वक्ता सहा वाजून दहा मिनिटांनी बोलायला लागेल. आणि २७ तारखेच्या तिघांनी मिळून एकच कार्यक्रम करा, नाहीतर ग्रंथालयाने ४ मार्च घ्यावा. भाषा तोपर्यंत पळून जात नाही.

जुनाखोड
सत्कार नंतर ठेवला तर बँकेचे साहेब तोवर थांबायचे नाहीत.

मिक्सरवाला
म्हणजे ज्यांच्यासाठी सगळं चाललंय तेसुद्धा व्याख्यान ऐकायला तयार नाहीत. मग पोरांनाच का बोल?

जुनाखोड
...बरं. पहिला मुद्दा तुमचा. सातऐवजी तीन सत्कार, तेही शेवटी. परिचय छापील. पण साडेसहाच्या आत मी सुरू करणार नाही, गणेशखिंडकरांची गाडी चौकात असेल. आणि श्रीफळ राहील.

गणेशखिंडकर
माझ्यासाठी थांबू नका, पण फाटक कुठलं ते तरी लिहा.

मिक्सरवाला
श्रीफळ ठेवा, पण पोडियमवर ठेवू नका. गूजनेक त्याच फळीला स्क्रू केलेला असतो, धप्प आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.