विषय: स्कीची शिकवणी आणि दुपारचं जेवण

प्रेषक: चिनूची आई, वरुड तालुका

नमस्कार मंडळी,
यंदा संत्र्याचा मृगाचा बहार व्यापाऱ्याला झाडावरच दिला, त्यामुळे फेब्रुवारीत घरातले सगळे एकदम निघू शकतो. स्वित्झर्लंडला, झुरिकच्या दिरांकडे उतरून तिथून आठवडाभर बर्फात जायचं ठरतंय. भाऊजी म्हणतात, स्की मीच शिकवतो, शिकवणीला पैसे कशाला घालवता? चिनू दहा वर्षांची, आतापासूनच अंगणात घसरत असते. सासूबाई माळकरी आहेत. डोंगरावर त्यांच्या जेवणाचं कसं जमवायचं? आणि भाऊजींचं ऐकावं का?

प्रेषक: दारव्ह्याचे काका

ताई, भाऊजींची माया खरी, पण पहिले तीन दिवस तरी शिकवणी स्की शाळेतच लावा. स्वतःला स्की येणं वेगळं आणि नवख्याला थांबायला शिकवणं वेगळं. घरचा माणूस हौसेनं दुसऱ्याच दिवशी वर घेऊन जातो, आणि तिथून खाली यायची वाट आपल्या आवाक्यातली नसते. शाळेत आधी सपाटीवर बुटांची सवय करून देतात. मग सरकत्या पट्ट्यावरून थोडं वर नेतात आणि स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, अशी पाचर करून वेग कमी करायला शिकवतात. तेवढं जमलं की निळ्या खुणेचा, म्हणजे सोपा उतार. लाल आणि काळ्याचं यंदा नावच काढू नका.

फेब्रुवारीत तिथल्या शाळांना सुट्टी असते, कॅन्टनगणिक, म्हणजे तिथल्या राज्यागणिक, आठवडा वेगळा. स्कीचे वर्ग भराभर भरतात, म्हणून आताच नोंदवा आणि इंग्रजीतून शिकवणारा गट मागा. बहुतेक गट रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात. मधेच गेलात तर बाकीचे पुढे गेलेले असतात.

मी सध्या गावीच आहे, तुरीची मळणी चालू आहे. काल पुतण्यांना शेताच्या बांधावर आडवं चढायला लावलं. अंग उताराला आडवं, भार खालच्या पायावर, वरचा पाय वीतभर वर टाकायचा आणि मग खालचा त्याच्याजवळ ओढायचा. स्की पायात असताना उतार असाच चढतात. चिनूला हे रोज करू द्या, मांड्या तयार होतील.

आतून सुती कपडे मात्र नकोत. कापूस उगवणाऱ्याला हे सांगणं जिवावर येतं, पण तो घाम धरून ठेवतो आणि अंग गार पडतं. लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या. प्रवास विम्यात स्कीइंग धरलंय का, तेही नीट वाचा.

प्रेषक: बर्नची मावशी

चिनूच्या आई, जेवणाची वेळ वर्गाच्या वेळेवरून ठरवा. सकाळचे वर्ग सुटतात तेव्हाच सगळा डोंगर जेवायला धावतो, बारा ते दीड बसायला जागा मिळत नाही. सासूबाईंनी साडेअकरालाच पायथ्याच्या हॉटेलात टेबल धरावं. चिनूला पूर्ण दिवसाच्या वर्गात घातलंत तर मुलांचं जेवण बऱ्याच शाळा तिथेच देतात. नोंदवताना शाकाहारी असं लिहा.

सासूबाईंना फोंड्यू, म्हणजे वितळलेल्या चीजचा पदार्थ, देऊ नका. त्यात पांढरी वाइन असते, बऱ्याचदा किर्श नावाची दारूही. ग्रुयेर, राक्लेट अशा पारंपरिक चीजला वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विरजण, लागतं. माळकरी माणसाला हे घास घेण्याआधीच कळायला हवं. सूपही बरेचदा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं. त्यांच्यासाठी रोश्टी चांगली: किसलेला बटाटा तव्यावर थापून दोन्ही बाजूंनी खरपूस केलेला, कड कुरकुरीत, आत मऊ. फक्त जर्मनमध्ये ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक’ म्हणून सांगा, म्हणजे मांस आणि डुकराची चरबी नको, आणि लोण्यात परततात ना, चीज घालत नाहीत ना, तेही विचारा.

दोन दिवस तरी डबा न्या. भाऊजींच्या घरी दशम्या करा, जवसाची चटणी गावाहून आणा. तूप, पेढे, दुधाचं काहीही आणू नका, भारतातून ते नेऊ देत नाहीत. हॉटेलात आपला डबा उघडलेला चालत नाही, पण पुष्कळ ठिकाणी डब्यासाठी वेगळी खोली असते, आधी चौकशी करा.

जागा विचाराल तर मी वेंगेन हे डोंगरावरचं गाव सांगेन. खालच्या लाउटरब्रुनेन गावाहून रेल्वेनं वर जायचं, गावात मोटारी नाहीत, आणि नवख्यांचा उतार गावाच्या मधोमध, म्हणजे सासूबाईंना कुठे चढावं लागत नाही. खोली आणि वर्ग एकाच दिवशी नोंदवा. खोली मिळाली आणि वर्ग भरलेला, असं फेब्रुवारीत सर्रास होतं.