साधी साधी कामं पण पुढे ढकलली जातात, काय करू?

चांदणवेल:
ऑफिसचं सगळं वेळेत होतं माझं, पण घरचं आणि स्वतःचं काम म्हटलं की उद्या. शर्टाचं तुटलेलं बटण २ महिने झाले सुईदोऱ्याच्या डबीशेजारीच पडून आहे, रोज दिसतं, रोज टोचतं आणि तरी हात लागत नाही. दाताच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट पण तशीच राहिलीये. कोणी यातून बाहेर पडलंय का?

पाणकोंबडा:
हो, मी पडलोय. आधी स्वतःला आळशी म्हणून कोसणं बंद करा, त्याने काम अजूनच नकोसं होतं. बरेचदा आपण काम टाळतच नसतो, ते करताना वाटणारा वैताग टाळत असतो. मला पोमोडोरोने खूप फरक पडला, फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर लावून सुरू केलेली पद्धत, २५ मिनिटं काम मग ५ मिनिटं ब्रेक. कपाट आवरायला बेस्ट. बटणाला तेवढंही नको, आत्ता फक्त सुईत दोरा ओवून ठेवा.

सायली_क:
फोनसाठी वेळ नका ठरवू, आधीचं काम ठरवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी यावर बराच अभ्यास केलाय, अमुक झालं की तमुक करायचं असं आधीच पक्कं करायचं. म्हणजे दुपारी जेवून हात धुतले की पहिला फोन डॉक्टरांना. नंबर आत्ताच काढून ठेवा हं, माझं नेहमी तिथेच अडायचं.

चांदणवेल:
दोरा ओवला आणि मग बटण लावूनच टाकलं, ४ मिनिटं लागली फक्त! नंबरही काढलाय, उद्या जेवण झालं की फोन. मनापासून थँक्यू दोघांना.